सातव्या मागाला टांगलेली स्टेपनी

मी स्टेपनी बोलते आहे. ऑक्टोबर महिन्यातील ज्या शुक्रवारी सरूबाईंच्या जमिनीची सुनावणी चुकली, त्या शुक्रवारी मी मोटारीत नव्हते. भिवंडीतील एका कारखान्यात सातव्या मागाच्या पाठीमागे मी दोराने टांगलेली होते. घडलेल्या गोष्टीत माझा वाटा एवढाच आहे आणि तो मी आरंभीच सांगून टाकते. स्वतःचा वाटा लपवून इतरांच्या चुका सांगणे मला शोभणार नाही.

स्टेपनी म्हणजे मोटारीचे पाचवे चाक. चार चाके रस्त्यावर धावतात आणि पाचवे सामानाच्या कप्प्यात, जाड पुठ्ठ्याखाली, अंधारात पडून राहते. आम्ही पाचही जणी एकाच दिवशी, एकाच साच्यातून बाहेर पडलो. रबराचा वास, लोखंडी तबकडीचा गारवा, पहिल्यांदा भरलेली हवा, सारे पाचही जणींचे सारखेच. पुढे कोणीतरी चौघींना उचलून मोटारीला लावले आणि मला आत ठेवले. यात माझे काही उणे नव्हते. पाचव्या जागेवर कोणीतरी असावेच लागते.

माझे पहिले मालक गुलाम हुसेन. मूळचे कोकणी घराण्यातील. तरुणपणी गवताचे व्यापारी, नंतर बारा मागांच्या कारखान्याचे धनी. त्यांनी मोटार घेतली तेव्हाच त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते मागचा कप्पा उघडीत, पुठ्ठा उचलीत आणि अंगठ्याने माझी कड दाबून पाहत. समाधान झाले नाही तर मला हवा भरवून आणीत. वर्षानुवर्षे मला रस्ता असा दिसलाच नाही. परंतु त्या अंगठ्यामुळे मी उपेक्षित आहे असे मला कधी वाटले नाही.

गुलाम हुसेन यांच्या कमरेचे हाड तरुणपणी मोडून वाकडे जुळलेले होते. ऐंशीच्या सुमारास ते दुखणे वाढले, तेव्हा मोटार त्यांचे चिरंजीव सुफियान यांच्याकडे गेली. सुफियान कष्टाळू गृहस्थ. राहनाळच्या गोदामातून सुताच्या गोण्या ते मोटारीतूनच आणीत. कप्प्यात चार गोण्या मावत, आणि मला बाहेर काढले की पाच. एके सकाळी त्यांनी मला बाहेर काढले आणि कारखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवले. संध्याकाळी परत ठेवायचे असे ते म्हणाले होते. ती संध्याकाळ आली नाही.

त्याच आठवड्यात सातव्या मागाचे एक वजन हरवले. हे थोडे समजावून सांगितले पाहिजे. मागावर पुढे कापड गुंडाळत जाते आणि मागून उभे धागे सुटत येतात. त्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. ताणा सैल सुटू नये म्हणून मागाच्या पाठीशी लोखंडी वजने लोंबकळत ठेवतात. वजन नसेल तर ताणा ढिला पडतो आणि कापडात पट्टे उमटतात.

"शेठ, सात नंबरचं वजन गेलं," त्या मागावरचा विणकर ओसामा म्हणाला. "भंगारवाल्याच्या हाती लागलं वाटतं."

"नवीन येईपर्यंत बघ काहीतरी."

ओसामाने इकडेतिकडे पाहिले. त्याची नजर माझ्यावर थांबली. "ही लटकवू?"

"लटकव. तिला काय, इथं बसूनच खायचं हाय."

"चला मॅडम," ओसामा मला उचलता उचलता म्हणाला, "आजपासून तुमची पण ड्युटी लागली. शिफ्ट बारा तासांची. चहा मिळणार न्हाय."

माझ्या मधल्या भोकातून दोर ओवून मला टांगण्यात आले. माझी कड जमिनीला टेकत होती, म्हणून त्यांनी फरशी उखडून माझ्यापुरता खड्डासुद्धा खणला. नवे वजन आणायला बाजारात जाण्यापेक्षा खड्डा खणणे त्यांना सोपे वाटले! मी सात महिने तेथे राहिले.

खरे सांगायचे तर मला ते आवडले होते. आयुष्यात प्रथमच माझा रोज उपयोग होत होता. माग धडधडू लागला की मीही थरथरे. माझ्या आधाराने ताणा ताठ राही आणि पलीकडे वीतवीत कापड तयार होई. हवेत उडणाऱ्या सुताच्या तुसाने माझ्या बोल्टांची भोके बुजत गेली, आतली हवा हळूहळू कमी होत गेली, आणि मला त्याचे काही वाटले नाही. आपण मुळात कशासाठी घडलो आहोत, याचा मला विसर पडला होता. हा माझा दोष आहे. तो मी सुफियान यांच्या माथी मारणार नाही.

माझ्या जवळच, भिंतीशी, सरूबाई कांड्या भरीत बसत. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी आडव्या धाग्याची लहान गुंडाळी. ती संपली की माग अडतो. सरूबाई शहापूरजवळच्या एका आदिवासी पाड्यातल्या. वीस वर्षे त्या या कारखान्यात होत्या. त्यांचा भाऊ येसू पाड्यावर राहून वडिलोपार्जित उतारावर नागली आणि वरई पिकवी. ती जमीन कागदोपत्री वनखात्याची होती. तिच्यावर आपला हक्क सांगणारा दावा बहीणभावांनी केला होता. आपले कुटुंब ही जमीन पिढ्यान्पिढ्या कसते आहे, हे दाखवणारा कागद त्यांच्याकडे नव्हता. बाहेरच्या वडीलधाऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले तर ते मात्र चालणार होते. असा एकच माणूस हयात होता. गवत विकत घेण्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी त्या पाड्यावर बैलगाडी घेऊन जाणारे गुलाम हुसेन.

सुनावणी शहापूरच्या कचेरीत, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ठरली. भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून तो दिवस सर्वांनाच सोयीचा वाटला. गुरुवारी दुपारी गुलाम हुसेन कारखान्यात येऊन खुर्चीवर बसले. त्यांची नात अफीफा मोटार चालवणार होती. ती हातात कागद घेऊन उभी राहिली. सारी आखणी माझ्यासमोर झाली.

"दादा, रस्ता चाळीस किलोमीटरचा. साडेसातला निघायचं. म्हणजे गोदामांच्या गाड्या वडप्याला रांग लावायच्या आत आपण हायवेला."

"पडघ्याला दहा मिनिटं थांबायचं," गुलाम हुसेन म्हणाले. "ही कंबर त्याच्या पुढं माझं ऐकत न्हाय."

"लिहिलंय."

"जुम्मा?"

"शहापूरला. सुनावणी अकराला, नमाज दीडला. मशीद जवळच हाय, फोन करून विचारलंय."

"सरूचे कागद?"

"माझ्या पिशवीत हायेत चाचा," सरूबाई म्हणाल्या. "येसू पाड्यावरून सरळ कचेरीत येतो."

"हवा?"

"सकाळीच भरली. चारही चाकांत."

"चारही म्हणजे काय? गाडीला पाच असतात."

सर्वांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले.

"अब्बा," सुफियान म्हणाले, "हिला आज काढली तर ताणा ढिला पडेल. शनिवारी अर्धा दिवस सगळा माल पट्ट्याचा निघेल. तासाभराचा तर रस्ता. हायवेला जागोजाग पंक्चरवाले बसलेत."

"तासाभराचा रस्ता तासाभराचा होता हे पोचल्यावर कळतं, सुफियान."

"अब्बा, तुम्ही गवताच्या बैलगाडीच्या हिशोबानं बोलताय."

अफीफाने सरूबाईंना विचारले, "मावशी, तुम्ही सांगा. काढायची का?"

सरूबाईंचा कांडीवरचा हात थांबला. वीस वर्षे मागाजवळ काढलेल्या त्या बाईला वजन म्हणजे काय ते चांगले कळत होते आणि रस्ता म्हणजे काय तेही कळत होते. "मी काय सांगू बाय?" त्या म्हणाल्या. "शेठचा माग हाय. मला तेवढं अकराला तिथं न्या."

गुलाम हुसेन यांनी पुन्हा आग्रह धरला नाही. मोटार आता मुलाची होती, आणि मुलाच्या मोटारीत बसणाऱ्या बापाने किती बोलावे याचा अंदाज ते घेत असावेत. अफीफाने यादीतल्या साऱ्या ओळींवर खुणा केल्या. माझी ओळ त्या यादीत नव्हतीच.

शुक्रवारी काय घडले ते मला शनिवारी कळले, अफीफाने ओसामाला सांगितले तेव्हा. पडघ्याचा थांबा झाला. सव्वाआठ वाजले होते आणि सारे आखणीप्रमाणे चालले होते. पडघा सोडून थोडे पुढे गेल्यावर रस्त्यावर पडलेली लोखंडी पट्टी डाव्या मागच्या चाकात घुसली आणि त्याची कड वीतभर फाटली. ती माझी बहीणच.

पंक्चरवाला लगेच आला. सुफियान यांचे तेवढे म्हणणे खरे ठरले. त्याने खाली वाकून पाहिले आणि मान हलवली. "कड फाटलीय, ताई. इसको कुछ नहीं लगता. स्टेपनी काढा, पाच मिनिटांत लावून देतो."

"स्टेपनी नाहीये."

"कुठं गेली?"

"मागाला टांगलीय," अफीफाने सांगितले.

तो हसायचा थांबेना. "मागाला? भिवंडीची माणसं! उद्या गाडीला धोटा लावून याल!" परंतु रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभे असलेले गुलाम हुसेन त्याला दिसले, तेव्हा त्याने खिशातून किल्ली काढली. त्या मापाचा टायर आणायला तो स्वतःच्या दुचाकीवर गेला. पहिल्या दुकानात मिळाला नाही, दुसऱ्या दुकानाचे दार अद्याप उघडलेले नव्हते. अफीफाने जाणाऱ्या जीपगाड्यांना हात केले. दोन थांबल्या, दोन्ही खचाखच भरलेल्या. दाटीवाटीने बसणे गुलाम हुसेन यांच्या कमरेला शक्य नव्हते. ऑक्टोबरच्या उन्हात ते उलट्या ठेवलेल्या बादलीवर साडेचार तास बसून राहिले. सरूबाई पदर धरून त्यांच्यावर सावली करीत उभ्या होत्या. सव्वाअकरापासून येसूचा फोन पुनःपुन्हा वाजत होता. पहिल्या दोन वेळा सरूबाईंनी तो उचलला. पुढे उचलला नाही.

एक वाजता कोठे टायर मिळून चाक बसले, आणि ते शहापूरला पोहोचले तेव्हा पावणेदोन वाजले होते. दावे तपासणाऱ्या समितीने एक वाजेपर्यंत वाट पाहिली होती. तिला दोष देता येणार नाही. जुम्म्याची नमाजही चुकली होती. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची, बुधवारची मिळाली. त्या दिवशी साक्षीदार आला नाही तर दावा साक्षीवाचून निकालात काढला जाईल, असे सांगण्यात आले.

शनिवारी सरूबाई नेहमीच्या वेळी येऊन बसल्या. दिवसभरात एकदाच त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. गुरुवारपर्यंत मी ज्या थरथरीचा अभिमान बाळगीत होते, ती त्या दिवशी मला सोसवेना. मी ताणा धरून ठेवला होता, आणि चाळीस किलोमीटरच्या अंतरावर एका कुटुंबाची जमीन सुटत चालली होती.

गुलाम हुसेन आठ दिवस अंथरुणाला खिळून होते. डॉक्टरांनी प्रवास टाळण्यास सांगितले. दुसऱ्या आठवड्यात ते काठी घेऊन उठले.

तारखेच्या आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, ते अफीफाच्या खांद्यावर हात ठेवून कारखान्यात आले. बाराही माग चालू होते. ते सातव्या मागापाशी येऊन काहीतरी बोलले. धडधडाटात कोणालाच ऐकू गेले नाही. ते पुन्हा बोलले. मग त्यांनी काठी उचलून माझ्याकडे रोखली.

सुफियान पुढे आले. "अब्बा, उद्या बुधवार हाय!" ते मोठ्याने म्हणाले. "माग चालू दिवस! ऑर्डरचा माल याच मागावर चढलाय!"

गुलाम हुसेन यांनी काठी खाली घेतली नाही. सुफियान यांनी रोखलेल्या काठीकडे पाहिले. मग सरूबाईंकडे पाहिले. सरूबाई खाली मान घालून कांड्या भरीत होत्या.

सुफियान वळले आणि भिंतीपाशी गेले. एक माग थांबवायला विजेच्या मोठ्या खटक्यापर्यंत जावे लागत नाही. पण त्यांनी मोठा खटकाच खाली ओढला.

बारा माग एकदम थांबले. शुक्रवारखेरीज मी तो कारखाना कधी शांत ऐकला नव्हता. विणकर जागच्या जागी उभे राहिले.

"आता बोला, अब्बा," सुफियान म्हणाले.

"बोलायचं काय?" गुलाम हुसेन म्हणाले. "ज्या दिवशी माझी कंबर मोडली, त्या दिवशी सरूच्या बापाचीपण नागली कापायची होती. ती शेतात टाकून, मला गाडीचे हादरे सोसवेनात म्हणून, तो मला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आला. चार कोस. तो म्हणाला न्हाय, की आज माझा कामाचा दिवस हाय."

सुफियान यांनी मान खाली घातली. ते मागाच्या पाठीमागे येऊन माझ्यापाशी बसले आणि दोराची गाठ सोडू लागले. सात महिन्यांच्या ओढीने ती आवळून गेली होती, सुटेना.

"शेठ, ताणा?" ओसामाने विचारले.

"राहू दे ढिला."

"पण ऑर्डर—"

"ओसामा, राहू दे म्हटलं ना." मग त्यांनी हात पुढे केला. "सरू, तुझी पाती दे."

धागा तोडायची लहान पाती सरूबाईंच्या कमरेला असे. त्या उठून आल्या. पण त्यांनी ती सुफियान यांच्या हातात दिली नाही.

"मी कापू का, शेठ?"

"काप."

सरूबाईंनी दोर कापला. मी आपल्याच खड्ड्यात धप्पकन पडले. माझ्या वर साऱ्या मागाचा ताणा एकदम सैलावला आणि कोणीही त्याच्याकडे पाहिले नाही.

त्याच संध्याकाळी अफीफाने माझ्या भोकांतले तूस काडीने टोकरून काढले आणि मला हवा भरून आणली. तिने नवी यादी केली होती. या वेळी माझे नाव पहिल्या ओळीवर होते.

बुधवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. मी पुठ्ठ्याखाली, अंधारात, माझ्या जागेवर होते. चालवणारी अफीफा, तिच्या शेजारी पूर्ण मागे केलेल्या आसनावर गुलाम हुसेन, पाठीमागे सरूबाई आणि सुफियान. होय, त्या दिवशी सुफियानही आले. वडप्याला रांग नव्हती. पडघ्याला दहा मिनिटांचा थांबा झाला. मागच्या वेळी चाक फाटले ती जागा आली तेव्हा मोटारीतले बोलणे थांबले, आणि ती मागे पडल्यावर पुन्हा सुरू झाले. खिळा नाही, पट्टी नाही, काहीही नाही. साडेआठच्या आतच आम्ही शहापूरला पोहोचलो. माझी गरजच लागली नाही. माझ्यासारखीच्या आयुष्यातील उत्तम दिवस तो हाच.

सुनावणी मी पाहिली नाही. परतीच्या वाटेवर आसनाच्या पाठीतून जे ऐकू आले, तेवढेच सांगते. समितीतील अधिकाऱ्यांनी गुलाम हुसेन यांना बसायला खुर्ची दिली. मग विचारले, "चाचा, पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरात असे उतार पुष्कळ. हीच जमीन हे कशावरून?"

"साहेब," ते म्हणाले, "मोहाच्या झाडाखालचा बांध. गवताचा भारा डोक्यावर होता, पाय घसरला, त्या बांधावर ही कंबर मोडली. ठकुबाईनं, म्हणजे हिच्या आईनं, मला पाणी पाजलं. बांधाच्या वर नागली उभी होती, हिच्या बापाची. माणूस बाजार विसरेल, भाव विसरेल. आपलं हाड कुठं मोडलं ते विसरत न्हाय."

त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही, असे अफीफा सांगत होती. येसूने कचेरीबाहेर येऊन गुलाम हुसेन यांचे पाय धरले, तेव्हा ते त्याला म्हणाले, "अरे, माझ्या पायांना काय झालंय? कंबर धर."

हे ऐकताना सरूबाई मागच्या आसनावर हसल्या. त्यांचे हसू मी तेव्हा प्रथमच ऐकले.

पडघ्याजवळ, त्याच पंक्चरवाल्याच्या टपरीपुढे, गुलाम हुसेन यांनी मोटार थांबवायला सांगितली. ते स्वतः उतरले. कप्पा उघडला गेला, पुठ्ठा उचलला गेला, आणि पुष्कळ दिवसांनी माझ्या कडेवर तो अंगठा टेकला. आता त्याच्यात पूर्वीचा जोर नव्हता. पंक्चरवाला हात पुसत बाहेर आला आणि आत डोकावला. "ओहो, आल्या का मॅडम? मागाची नोकरी सोडली?"

"राजीनामा दिला तिनं," सुफियान म्हणाले.

मी आता वृद्ध झाले आहे. न धावताही रबर म्हातारे होते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. माझ्या मधल्या भोकाच्या कडेला दोर घासून उमटलेला एक चकचकीत चरा आहे, आणि एका भोकात अजून थोडे तूस अडकलेले आहे. कोणाला दिसले तर ते काढू नये, एवढीच माझी इच्छा आहे. आपण कोठे होतो, हे लक्षात राहिलेले बरे. आणि तुम्ही कोठेही निघालात, रस्ता कितीही जवळचा असला, तरी निघण्यापूर्वी एकदा मागचा पुठ्ठा उचलून पाहा.

त्या बुधवारी जे ठरले ते असे. गुलाम हुसेन यांची साक्ष लिहून घेण्यात आली, त्यांना वाचून दाखवण्यात आली, त्यांनी तिच्यावर सही केली. ती ग्राह्य धरून जागेची मोजणी पुढच्या सोमवारी करावी, यास समितीतील सर्वांनी संमती दिली. येसू आणि सरूबाई यांनी मोजणीला हजर राहण्याचे मान्य केले. अफीफाने त्यांना तेथे पोहोचवण्याचे मान्य केले. सातव्या मागाला लोखंडी वजन आणावे आणि खड्डा बुजवावा, हे परतीच्या वाटेवर ठरले. सुफियान यांनी होकार दिला, आणि ओसामाने फोनवरून. पाच गोण्यांऐवजी यापुढे चारच आणाव्यात, यालाही सुफियान यांनी, जरा थांबून, होकार दिला.

माझी संमती कोणी विचारली नाही. ती मी येथे नोंदवते.